आधी लागलो मी, मग पुढे तो कसा?

पत्राचा सारांश असा: वाचक यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावचे, वय 33. वडील कास्तकार. सडकेला लागून असलेलं तीन एकर वावर विकून आणि वर बँकेचं कर्ज काढून त्यांनी मुलाला पायलट केलं. मुलगा 2018 मध्ये एका छोट्या विमान कंपनीत फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक म्हणून लागला. तो एटीआर हे छोटं प्रवासी विमान चालवतो. हातात एटीपीएल, म्हणजे कॅप्टन व्हायला लागणारं लायसन्स आहे, उड्डाणाचे तास भरपूर आहेत, पण कमांड, म्हणजे कॅप्टनपद, अजून मिळालेली नाही. त्याचा आतेभाऊ 2021 मध्ये त्याच मालकाच्या दुसऱ्या छोट्या कंपनीत लागला. ती कंपनी झपाट्याने वाढली आणि आतेभाऊ गेल्या वर्षी कॅप्टन झाला. आता या दोन कंपन्या एक होत आहेत आणि पायलटांच्या दोन सीनियॉरिटी याद्यांची एक यादी करायची आहे; कोण आधी कॅप्टन होणार ते या यादीतल्या नंबरावर ठरतं.

वाचकाच्या कंपनीत 90 पायलट, त्यात 45 कॅप्टन. यांचा नंबर 52. दुसरीकडे 60 पायलट, 30 कॅप्टन; आतेभावाचा नंबर 28. जॉइनिंगच्या तारखेने यादी लावली तर एकूण 150 जणांत वाचक 61 वर येतात आणि आतेभाऊ 112 वर जातो. टक्केवारीने, म्हणजे आपापल्या यादीत जो जिथे होता त्या प्रमाणात लावली, तर आतेभाऊ 70 वर आणि वाचक 86 वर. दोन्ही बाजूंच्या चार-चार पायलटांची समिती बसणार आहे आणि सहकारी यांना समितीत जा म्हणतात. "तारखेसाठी शेवटपर्यंत लढू का? की सहा महिन्यांची नोटीस देऊन मोठ्या कंपनीत निघून जाऊ? बाबा रोज विचारतात, 'तू त्याच्या आधी लागला ना बाप्पा, मग तो पुढे काहून?' अकरावी-बारावी मी आत्याच्याच घरी राहून केली. दोन महिने झाले, आतेभावाशी बोलणं बंद आहे. गेल्या महिन्यात आत्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, मी गेलो नाही."

प्रिय भाऊ,

तुमचं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा तुमच्या वडिलांचा प्रश्न मनात राहिला. दुसऱ्यांदा आकडे कागदावर मांडून पाहिले. तिसऱ्यांदा वाचताना एका वाक्याशी थांबले. ते तुम्ही पत्राच्या शेवटी, जाता जाता लिहिलं आहे: "आमच्याकडचे अकरा कॅप्टन येत्या पाच वर्षांत पासष्टीला पोहोचतात, त्यांच्याकडचे बहुतेक चाळिशीच्या आतले आहेत." ते सारांशात घातलं नाही, कारण त्यावर मला सविस्तर बोलायचं आहे. माझ्या मते तुमची सगळी बाजू त्या एका वाक्यात आहे आणि तुम्ही मात्र सगळा जोर तारखेवर लावून बसला आहात.

आधी तारखेचंच बोलू. "आधी आला तो पुढे" हा नियम आपल्या अंगात इतका मुरलेला आहे की तो कोणीतरी कधीतरी ठरवलेला आहे हे आपण विसरतो. एकाच रांगेत तो न्याय्य असतोच. तुमच्या कंपनीत तुमच्यानंतर लागलेला माणूस तुमच्या आधी कॅप्टन झाला असता तर तुमच्याइतकीच मीही चिडले असते. पण तुम्ही आणि आतेभाऊ एका रांगेत नव्हतात. तुम्ही ज्या रांगेत उभे राहिलात ती 2020 मध्ये विमानं जमिनीवर आली तेव्हा थांबली, आणि नंतरही हळूहळूच सरकली. तो ज्या रांगेत उभा राहिला ती पळाली. त्याने तुम्हाला ओलांडलं नाही, कारण तुमच्या पुढे-मागे तो कधी नव्हताच. यात त्याची हुशारी नाही तशी तुमची चूकही नाही. 2018 मध्ये कुठली कंपनी वाढेल हे कोणाला ठाऊक होतं?

तुम्ही कास्तकाराचे पुत्र आहात म्हणून वावराचं उदाहरण देते. दोन भावांनी वावर एकत्र करायचं ठरवलं. एकाकडे दहा एकर कोरडवाहू आहे, आजोबांच्या वेळचं. दुसऱ्याकडे सहा एकर ओलिताचं, पाच वर्षांपूर्वी घेतलेलं, त्यात विहीर आहे. आता कोणी म्हणालं की ज्याचा सातबारा जुना त्याने विहिरीजवळची जमीन घ्यावी, तर तुमचे वडील तरी मान्य करतील का? ते आधी विचारतील की एकत्र करण्याच्या आदल्या दिवशी कोणाच्या हातात काय होतं आणि पुढच्या हंगामात त्याला काय पिकण्याची आशा होती. तुमच्या यादीला हाच प्रश्न विचारायला हवा. विलीनीकरणाच्या आदल्या दिवशी आतेभावाच्या हातात डावी, म्हणजे कॅप्टनची सीट होती. तुमच्या हातात उजवी सीट होती, आणि डावीकडे जाण्याची एक ठराविक, मोजता येणारी आशा होती.

ही गोष्ट मला पुस्तकातून कळलेली नाही. 1 नोव्हेंबर 1956 पर्यंत नागपूर ही जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होती. त्या दिवशी विदर्भाचे आठ जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यात गेले आणि सरकारी नोकरांच्याही याद्या एकत्र करायची वेळ आली. माझे वडील तेव्हा एका खात्यात कारकून होते. एकत्र यादी लागली आणि त्यांच्यानंतर नोकरीत आलेला मुंबईकडचा एक माणूस त्यांच्या वर गेला. वडिलांनी अर्ज केले, अर्जांची स्मरणपत्रं पाठवली, त्या स्मरणपत्रांच्या नकला पत्र्याच्या पेटीत ठेवल्या. मी पाचवीत होते तेव्हा ती पेटी माझ्या डोक्याइतक्या उंच फळीवर असायची आणि घरात पाहुणे आले की खाली यायची. तो मुंबईकडचा माणूस पुढे नागपुरातच बदलून आला, आमच्या दोन गल्ल्या पलीकडे राहिला. वडील त्याच्या घरावरून न जाता लांबच्या रस्त्याने कचेरीत जात. असं किती वर्षं? निवृत्त होईपर्यंत.

वडील गेल्यावर मी ती पेटी उघडून सगळं वाचलं. राज्य पुनर्रचनेच्या वेळी नोकरांची पदं एकमेकांशी जुळवायला चार कसोट्या ठरल्या होत्या: कामाचं स्वरूप, जबाबदारी आणि अधिकार, पदाला लागणारी किमान पात्रता आणि पगार. 1968 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मध्य प्रदेशाच्याच एका प्रकरणात त्या कसोट्या उचलून धरल्या. त्या चारांत नोकरीला लागल्याची तारीख नाही. आधी पदं समान आहेत का ते ठरवायचं, आणि समान ठरलेल्या पदांमध्ये मग कोण किती वर्षं आहे ते पाहायचं. वडील आयुष्यभर दुसरी पायरी धरून भांडले, पहिली पायरी त्यांनी पाहिलीच नाही. तुमचं पत्र वाचून मला ती पेटी आठवली, म्हणून एवढं स्पष्ट लिहिते आहे.

फर्स्ट ऑफिसर आणि कॅप्टन ही समान पदं नाहीत. 2018 चा फर्स्ट ऑफिसर आणि 2021 चा फर्स्ट ऑफिसर यांच्यात तुम्ही पुढे असावं, हे मी तुमच्या बाजूने कोणाशीही भांडून सांगेन. पण 2018 चा फर्स्ट ऑफिसर आज कमांड करणाऱ्या कॅप्टनच्या पुढे, हे जुळत नाही.

आता तुमच्या आकड्यांकडे येते. तुम्ही लिहिता, "52 वरून 86 वर फेकला गेलो." नुसता नंबर पाहिला तर पोटात गोळा येणारच. पण मोजून पाहा. आज 45 कॅप्टन आहेत आणि तुम्ही 52 वर, म्हणजे कमांडच्या रांगेत सातवे. एकत्र यादीत 75 कॅप्टन असतील आणि तुम्ही 86 वर, म्हणजे अकरावे. सातचे अकरा झाले. पण डाव्या सीट 45 च्या 75 झाल्या, आणि रांग सरकते ती सीट रिकाम्या झाल्या की. 45 सीटमागे सातवा आणि 75 सीटमागे अकरावा, हे अंतर जवळजवळ सारखंच आहे, उलट केसभर कमी. नंबर चौतीसने घसरला आणि वाट पाहण्याचा काळ तिथेच राहिला. उलट तारखेच्या यादीत तुम्ही एका रात्रीत 61 वर, म्हणजे थेट कॅप्टनांच्या पट्ट्यात, आणि आतेभाऊ 112 वर. ती कमांड नव्या विमानातून आलेली नसेल. ती कोणाच्या तरी ताटातून उचललेली असेल, आणि त्या "कोणाच्या तरी"त तो आहे.

म्हणून टक्केवारी मान्य करून गप्प बसा, असं मी म्हणत नाही. मला खटकतं ते इथेच. वरचा हिशेब दोन्ही कंपन्यांत सीट सारख्याच वेगाने रिकाम्या होणार असतील तरच खरा. तुमच्याकडे तसं नाही. अकरा कॅप्टन पाच वर्षांत 65 चे होतात आणि त्या वयानंतर त्यांना व्यावसायिक उड्डाण करता येत नाही. कंपन्या एक झाल्या नसत्या आणि विमानं आहेत तेवढीच राहिली असती, तर त्या अकरा जागांपैकी सातवी तुमची होती. ती आशा हवेतली नव्हती. तिच्यामागे जन्मतारखा होत्या. टक्केवारीची यादी आजचा फोटो काढते, त्या फोटोत कॅप्टनचं वय दिसत नाही. एकत्र यादीत या अकरा जागांवर दोन्हीकडचे हक्क सांगतील. तुमचं खरं नुकसान होणार आहे ते हे, आणि तुमच्या बाजूच्या मसुद्यात, तुम्ही पाठवलेल्या मजकुरावरून, याबद्दल एक ओळ नाही. सगळा मसुदा तारखेवर.

समितीत कोणीही बसो, मागणी ही असावी: या अकरा जणांच्या निवृत्तीने रिकाम्या होणाऱ्या डाव्या सीट ठराविक वर्षांपर्यंत तुमच्या जुन्या यादीतल्या फर्स्ट ऑफिसरांना, तुमच्याच जुन्या क्रमाने मिळाव्यात. याद्या जुळवणाऱ्या लवादांनी परदेशात अशा अटी पुष्कळदा घातलेल्या आहेत. तिकडे त्याला कुंपण म्हणतात. मी धुरा म्हणेन, म्हणजे दोन वावरांमधला बांध. एकत्र वावरात काही हंगाम धुरा तसाच ठेवायचा आणि मग मोडायचा. मात्र धुरा दोन्ही बाजूंनी असतो. त्यांच्या कंपनीने विलीनीकरणाआधीच नवी विमानं मागवलेली असतील, तर त्या विमानांवरच्या कमांडवर त्यांच्या लोकांचा तसाच हक्क तुम्हाला मान्य करावा लागेल. त्यासोबत तीन गोष्टी लेखी हव्यात. बसलेल्या कॅप्टनला यादीमुळे उठवायचं नाही. कोणाचा बेस, म्हणजे ज्या शहरातून ड्युटी सुरू होते ते ठिकाण, केवळ यादीमुळे बदलायचा नाही. आणि धुरा कोणत्या तारखेला मोडणार ती तारीख आजच लिहायची, नाहीतर तोच पुढच्या भांडणाचं कारण होतो.

हट्ट धरून काय होतं, याची नोंद विमान व्यवसायात ठळक आहे. 2005 मध्ये अमेरिकेत यूएस एअरवेज आणि अमेरिका वेस्ट या कंपन्या एक झाल्या. पहिली जुनी आणि डबघाईला आलेली, तिचे कित्येक अनुभवी पायलट कपातीत घरी बसलेले, दुसरी तरुण. जुन्यांनी तुमच्यासारखंच जॉइनिंगची तारीख मागितली. 2007 मध्ये जॉर्ज निकोलाऊ या लवादाने निकाल दिला: जुन्या कंपनीचे सर्वांत वरिष्ठ 517 पायलट यादीत सर्वांत वर, घरी बसलेले सर्वांत खाली आणि मधले प्रमाणात. लवादाचा निकाल बंधनकारक मानायचं आधी ठरलेलं होतं. तरी जुन्यांनी तो मानला नाही. त्यांची संख्या जास्त होती, म्हणून 2008 मध्ये मतदान करून त्यांनी जुनी संघटना बाजूला सारली आणि तारखेचं तत्त्व धरणारी नवी संघटना आणली. दुसऱ्या बाजूने कोर्ट गाठलं. एक यादी नाही म्हणून एकत्र वेतनकरार नाही, आणि वर्षानुवर्षं दोन्ही गट जुन्या, कमी पगाराच्या करारांवर उडत राहिले. अमेरिकन एअरलाइन्समध्ये कंपनी विलीन होईपर्यंत, म्हणजे 2013 पर्यंत हे चाललं. त्या वर्षांत कित्येक जण नंबरासाठी भांडता भांडता निवृत्त झाले.

तुमच्यासारख्या छोट्या कंपन्यांचंही एक उदाहरण तिकडचंच. पिनॅकल, मेसाबा आणि कोलगन या तीन प्रादेशिक कंपन्या एका मालकाखाली आल्या. खटपटीने 2011 मध्ये एक यादी झाली. 1 एप्रिल 2012 ला मालक कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. यादीतला नंबर कंपनीला विमानं मिळवून देत नाही. छोट्या प्रादेशिक कंपनीत तर ही जाण रोज हवी, कारण तिची निम्मी विमानं कुठल्या करारावर उडतात हे पायलटाला पुष्कळदा ठाऊकच नसतं. ते विचारा. माझ्या मते 61 की 86 यापेक्षा तो प्रश्न मोठा आहे.

आपल्याकडचंही पाहा. एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स 2007 मध्ये एक झाल्या, पण माणसं एक झाली नाहीत. पाच वर्षांनी, 2012 मध्ये, नव्या ड्रीमलायनर विमानाचं प्रशिक्षण इंडियन एअरलाइन्सकडच्या पायलटांनाही मिळणार यावरून एअर इंडियाकडच्या पायलटांनी जवळजवळ दोन महिने काम बंद ठेवलं. त्यांच्या मनातली भीती तुमच्यासारखीच होती: आमच्या वाट्याची डावी सीट दुसरा घेईल. न्यायमूर्ती धर्माधिकारी समिती नेमावी लागली ती याच जुळवाजुळवीसाठी.

अमेरिकेत अशा भांडणांनंतर 2007 मध्ये कायदा झाला की याद्या जुळवताना प्रक्रिया न्याय्य हवी आणि तोडगा निघाला नाही तर लवाद हवा. त्यामागे टीडब्ल्यूए या कंपनीच्या लोकांची कहाणी होती. 2001 मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने ती घेतली तेव्हा तिच्या अनेक पायलटांना यादीच्या तळाशी जोडून टाकलं होतं. आपल्याकडे खाजगी विमान कंपन्यांसाठी असा वेगळा कायदा नाही. डीजीसीए, म्हणजे विमान वाहतुकीचं सरकारी नियामक खातं, तुमचं लायसन्स, तास आणि विश्रांती पाहतं, यादी पाहत नाही. म्हणून जे मिळवायचं ते कराराच्या कागदावरच मिळवावं लागेल. कंपन्यांचं विलीनीकरण कंपनी कायदा 2013 च्या कलम 230 ते 232 खाली एनसीएलटीपुढे, म्हणजे राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणापुढे जातं आणि त्या योजनेत कर्मचाऱ्यांबद्दल एक परिच्छेद असतोच. तो मिळवून वाचा. त्यात बहुधा सेवा सलग धरली जाईल आणि सेवाशर्ती आधीपेक्षा वाईट होणार नाहीत, असं लिहिलेलं असतं. यादीतल्या जागेबद्दल त्यात सहसा शब्द नसतो. पायलट कायद्याने कामगार ठरतो का यावरच आपल्याकडे खटले झाले आहेत, तेव्हा "कोर्टात बघून घेऊ" असं म्हणणाऱ्या सहकाऱ्याच्या भरवशावर राहू नका. सेवाविषयक प्रकरणं चालवणाऱ्या वकिलाला तुमच्या गटाने मिळून एकदा भेटा.

त्या परिच्छेदातल्या "सलग सेवा" या शब्दांत तुमच्या पत्रातल्या आणखी एका प्रश्नाचं उत्तर आहे. तुम्ही विचारता, "मग माझी ती तीन वर्षं कुठे गेली?" ती कुठेही गेली नाहीत. ग्रॅच्युइटीत ती आहेत. पगारवाढ आणि रजा नोकरीच्या वर्षांवर ठरत असतील तर तिथेही असायलाच हवीत, आणि नसतील तर त्यासाठी तारीख घेऊन नक्की भांडा. जे फायदे प्रत्येकाला आपापल्या सेवेवर मिळतात आणि दुसऱ्याकडून काही काढून घेत नाहीत, त्यात तारीखच खरी. जिथे एकाला मिळालं की दुसऱ्याचं जातं, म्हणजे सीट, बेस, रोस्टर, कपातीत कोण आधी, तिथे एकट्या तारखेने चालत नाही.

वडिलांनाही हेच सांगा, पण यादीच्या भाषेत नको. ते विचारत आहेत ते नंबरचं नाहीच, असं मला वाटतं. सडकेचं वावर गेलं. त्या सडकेवरून ते रोज जातात आणि तिथे दुसऱ्याची पऱ्हाटी उभी पाहतात. ते विकलं ते बरोबर केलं ना, एवढंच त्यांना तुमच्या तोंडून ऐकायचं असेल. त्यांना कर्जाचा कागद दाखवा: किती फिटलं, किती राहिलं, कोणत्या वर्षी संपेल. आणि हा हिशेब आजच्या फर्स्ट ऑफिसरच्या पगारावर मांडा. कॅप्टनचा पगार मिळेपर्यंत तो मोजायचा नाही, ना कर्जाच्या हप्त्यात, ना नव्या घराच्या बोलण्यात.

समितीत बसावं का? मी नको म्हणेन. तुमच्या बुद्धीवर शंका नाही. ज्या माणसाच्या 25 जागा एका पद्धतीत वर-खाली होतात आणि समोरच्या बाजूला ज्याचा सख्खा आतेभाऊ आहे, त्याच्या कुठल्याही तडजोडीवर तुमचेच सहकारी उद्या बोट ठेवतील. तारखेचा हट्ट सोडलात तर "भावासाठी सोडला", धरलात तर "स्वतःसाठी धरला". त्यापेक्षा ज्यांना तीन-चार वर्षंच उरली आहेत असा एखादा वरिष्ठ कॅप्टन आणि यादीच्या तळाचा एखादा नवा मुलगा समितीत पाठवा. सगळेच मधल्या पट्ट्यातले पाठवलेत तर तळाच्या पोरांची बाजू मांडायला कोणी उरत नाही. तुम्ही समितीला निवृत्तीचा तक्ता करून द्या: प्रत्येक कॅप्टनची जन्मतारीख, 65 चं वर्ष, त्या वर्षी रिकामी होणारी सीट. गणित चांगलं आहे म्हणता ना, त्याचा उपयोग तिथे आहे.

आणि तुमची स्वतःची नोंद तपासा. "जॉइनिंग" म्हणजे कुठला दिवस? नेमणूकपत्राचा, प्रशिक्षण सुरू झालं त्याचा, की लाइनवर, म्हणजे नेहमीच्या प्रवासी उड्डाणांवर सोडलं त्याचा? दोन कंपन्यांत दोन व्याख्या असल्या तर सहा-आठ महिन्यांचा फरक सहज पडतो. 2020 मध्ये तुम्हाला बिनपगारी रजेवर पाठवलं असेल, तर ते महिने सेवेत धरले आहेत का? कोणत्या दिवशीची स्थिती धरून यादी करणार, तो दिवस एकच आणि आधी जाहीर झालेला हवा. हरकत लेखी द्या, पोच घ्या. व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर टाकलेला संताप हरकत ठरत नाही. आणि या गोष्टी फक्त पायलटांना लागू आहेत असं समजू नका. 1 मे 2025 ला विदर्भ कोकण ग्रामीण बँक महाराष्ट्र ग्रामीण बँकेत गेली. त्या बँकेत काम करणारे जे वाचक हे वाचत असतील, त्यांनीही आपली नेमणुकीची तारीख आणि सेवापुस्तक आजच काढून पाहावं.

आता नोकरी सोडण्याचं. हा वाईट पर्याय नाही, फक्त तो रागाच्या भरात समोर आलेला आहे. मोठ्या कंपनीत गेलात तर तिथल्या यादीत तुम्ही शेवटचे. इथली सात वर्षं सोबत येत नाहीत. नवं टाइप रेटिंग, म्हणजे त्या प्रकारचं विमान चालवण्याची परवानगी, आलं, बहुधा ठराविक वर्षं नोकरी न सोडण्याचा बाँड आला. दुसरीकडे तुमचं वय 33, पुढे उडायला 32 वर्षं आहेत, आणि वाढत्या कंपनीच्या तळाशी असणं कधी कधी थांबलेल्या कंपनीच्या मध्यावर असण्यापेक्षा बरं. स्वतःला एकच विचारा: विलीनीकरणाची बातमीच आली नसती तर मी यंदा गेलो असतो का? उत्तर हो असेल तर जा, आणि यादीला दोष देऊ नका. उत्तर नाही असेल तर यादी लागेपर्यंत थांबा. थांबण्यात आणखी एक हिशेब आहे. डीजीसीएच्या नियमाने फर्स्ट ऑफिसरला सहा महिन्यांची नोटीस आहे, कॅप्टनला वर्षाची. कमांड मिळाल्यावर निघालात तर नोटीस दुप्पट, पण डाव्या सीटचे तास तुमच्या लॉगबुकात कायमचे. अकरा निवृत्तींचा धुरा मंजूर झाला तर तुमची कमांड तीन-चार वर्षांत यावी असं दिसतं. नाही झाला, तर सोडण्याचा विचार तेव्हा रागाशिवाय करता येईल.

उरला आतेभाऊ. यादी कशीही लागली तरी काही महिन्यांत एकाच विमानात एक पायलट तुमच्या कंपनीचा आणि एक त्यांचा असेल. कोण जाणे, एखाद्या पहाटे डावीकडे तो आणि उजवीकडे तुम्ही असाल. कॉकपिटमध्ये दोघांनी एकमेकांना बिनधास्त सांगायचं असतं, "थांब, हे चुकतंय." तुम्हाला ते प्रशिक्षण दरवर्षी मिळतं. ज्याच्याशी अबोला आहे त्याला माणूस ते वाक्य अर्धा सेकंद उशिरा सांगतो. मागे सत्तर प्रवासी बसलेले असतात.

त्याला फोन करा. पण "यादीबद्दल बोलायचं आहे" म्हणून करू नका. तोही घाबरलेला असणार. तुमच्या मसुद्यात त्याचा नंबर 112 आहे आणि त्याने तो पाहिलेला आहे. तुम्ही त्याच्याबद्दल एवढंच लिहिलं की तो बोलत नाही. त्याच्या जागी तुम्ही बोलला असतात का? आधी आत्याच्या गुडघ्याची चौकशी करा, टाके निघाले का, चालता येतं का. सुट्टीचे दोन दिवस मिळतील तेव्हा घरी जायच्या आधी यवतमाळला उतरा आणि तिला भेटून मग गावी जा. तिने तुम्हाला दोन वर्षं जेवू घातलं आहे, ती दारात विचारणार नाही की तुमचा नंबर कितवा. यादीचं बोलणं त्यानंतर तुम्ही दोघं गच्चीवर बसून करा, आणि निवृत्तीचा तो तक्ता त्यालाही दाखवा. त्यांच्या बाजूने कोणत्या नव्या विमानांचा हक्क मागायचा हे त्यालाच नीट ठाऊक असेल.